प्रार्थना करते, पण बरं वाटतं ते ऑर्डर दिल्यावर

प्रिय मैत्रीण,

नाव छापू नका म्हणालीस, नाही छापत. पत्र लांबलचक आहे तुझं, सगळं इथे देता येणार नाही, पण बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुझी आई गेल्या वर्षी गेली. त्यानंतर तुला रात्री झोप लागेनाशी झाली, मग फोन हातात घेऊन काहीबाही बघायची सवय लागली, बघता बघता ऑर्डर द्यायची सवय लागली, आणि आता बेडच्या खालच्या कप्प्यात न उघडलेली पार्सलं पडलीयेत, त्यातल्या एकात काय आहे ते तुलाही आठवत नाही. क्रेडिट कार्डाचं बिल नवऱ्याला दाखवलेलं नाहीस. दर रविवारी चर्चला जातेस, कोणी साक्ष देताना "प्रभूने मला शांती दिली" म्हणालं की तुला मान खाली घालावीशी वाटते, कारण तुला शांती मिळते ती ऑर्डर कन्फर्म झाल्याचा मेसेज आल्यावर, आणि ती पण पंधरा मिनिटं टिकते. वर बहीण म्हणते की आईचा स्वेटर आणि आईचं बायबल तू धरून बसलीयेस, हा पण वस्तूंचा मोहच, देऊन टाक. आणि एका व्हिडिओत तू ऐकलंस की देवाच्या कामाला मोठी रक्कम दिली की देव कितीतरी पटीने परत करतो आणि मनही हलकं होतं. म्हणून तू विचारतेस, सगळं देऊन टाकू का, मग तरी देव जवळ आहे असं वाटेल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण येत्या रविवारीच देऊन मोकळं व्हायचं तुझ्या डोक्यात आहे. नको देऊस. थांब जरा. देणं वाईट म्हणून नाही, देण्याबद्दल पुढे लिहितेच, पण तू ज्या कारणासाठी देणार आहेस ते मला पटत नाहीये. रात्री एक वाजता तू वस्तू घेतेस ती बरं वाटावं म्हणून, आणि आता वस्तू देणार तेही बरं वाटावं म्हणून, आणि लगेच वाटावं म्हणून. म्हणजे चाललंय तेच, फक्त उलट बाजूने.

आणि रागावू नकोस, पण प्रार्थनेचंही तू तेच केलंयस. "रोज मागते पण काहीच येत नाही" असं तू लिहिलंयस. म्हणजे शांती ऑर्डर केली, ट्रॅक करत बसलो, डिलिव्हरी झाली नाही, आता तक्रार कुठे करायची. यात तुझा एकटीचा दोष नाही गं, हवं ते दोन दिवसांत दारात यायला लागल्यापासून आपली सगळ्यांचीच वाट बघायची सवय गेलीये. पण देव हा कोणीतरी आहे, काहीतरी नाही, आणि जो कोणीतरी असतो तो मागवता येत नाही, त्याच्याजवळ बसावं लागतं, आणि बसल्यावर दरवेळी छान वाटेलच असंही नाही. दुःखात माणसाला जवळ कोणीतरी लागतं. वस्तू कितीही चांगली असू दे, ती कोणीतरी होऊ शकत नाही, तिचं कमी पडणं एवढंच आहे. म्हणून मी वस्तूंना शिव्या देणार नाहीये.

बायबलमधल्या उपदेशक पुस्तकाचा दुसरा अध्याय काढून बघ. त्यात बोलणारा माणूस घरं बांधतो, द्राक्षमळे लावतो, तळी खोदतो, गुरंढोरं, सोनंनाणं, गाणारे आणि गाणाऱ्या सगळं जमवतो, डोळ्यांनी जे मागितलं ते त्यांना नाही म्हटलं नाही असं सांगतो, आणि मग या सगळ्याकडे एकदा नीट बघतो आणि म्हणतो, वायफळ. पण गंमत अशी की त्या वेळी मजा आली नाही असं तो म्हणत नाही, आली म्हणतो. पुढे पाचव्या अध्यायात येतं की ज्याला पैसा प्रिय त्याचं पैशाने पोट भरत नाही. आता तर संशोधक लोकही हेच सांगतात, 1978 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या 22 जणांची न जिंकलेल्यांशी तुलना केली होती, छोटासाच अभ्यास तो, पण जिंकलेले लोक बाकीच्यांपेक्षा फार काही सुखी निघाले नाहीत आणि रोजच्या साध्यासुध्या गोष्टींतली मजा त्यांना उलट कमी वाटत होती. तेव्हा तुझी पंधरा मिनिटं ही तुझ्यातली काही खास खोट नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या पत्रात शॉपिंगबद्दल दोन पानं आहेत आणि आईबद्दल दोन ओळी. पत्र आईबद्दलच आहे असं मला वाटतं.

तू रडलीस का नीट? चर्चमध्ये अंत्यविधीला "ती प्रभूजवळ आहे, आनंद मान" असं तुला सगळे म्हणाले आणि तू मान डोलावलीस, असं त्या दोन ओळींमध्ये आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही, आपली आशा तीच आहे, पण आशा असली की दुःख गिळून टाकायचं हे कुठून आलं मला कळत नाही. आपला मित्र लाजर वारल्यावर त्याच्या थडग्याजवळ येशू गेला तेव्हा त्याला माहीत होतं की थोड्या वेळात तो लाजराला मेलेल्यातून उठवणार आहे, आणि तरीही येशू रडला. त्याआधी लाजराच्या बहिणी मार्था आणि मरिया दोघींनी त्याला एकच वाक्य ऐकवलंय, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. सरळसरळ टोमणा आहे तो. येशूने तो ऐकून घेतला, दोघींचा.

स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या भजनांच्या पुस्तकात, 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी नुसती तक्रारीची आहेत. 13वं सुरूच होतं ते किती वेळ, देवा, मला कायमचा विसरणार का तू, असं विचारत. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी एखादी आनंदाची ओळ जोडलेली नाही, आणि तरी ते भजनाच्या पुस्तकात आहे, कोणी काढून टाकलं नाही. आपल्याकडे साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस मात्र नेहमी शेवटच्या पानावर पोचलेला असतो. मधली पानं कोणी वाचून दाखवत नाही. मला या घाईचा जरा रागच येतो खरं तर, कारण त्यामुळे तुझ्यासारखी माणसं मागच्या बाकावर बसून स्वतःला ढोंगी समजायला लागतात. तू ढोंगी नाहीयेस. तू 13व्या स्तोत्रात आहेस आणि तुझ्याकडून गाणं भरवशाचं 23वं म्हणवून घेतलं जातंय.

तर प्रार्थना बदल. शांती दे, शांती दे असं मागणं काही दिवस बंदच ठेव. त्याऐवजी जे आहे ते सांग. आई नाहीये, मला राग आलाय, दवाखान्यातला तो शेवटचा आठवडा डोळ्यांपुढून जात नाही, तू तेव्हा कुठे होतास. तोंडाने म्हण, मनात नाही, मोठ्याने म्हटलं की आपल्यालाच कळतं आपण काय म्हणतोय. लगेच हलकं वाटेल असं मी सांगत नाही, एखादी रात्र जास्तच जड जाईल. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो" म्हणून जो बोलावतो त्या येशूने ओझं बाहेर ठेवून या असं म्हटलेलं नाही, ओझ्यासकटच बोलावलंय.

आता स्वेटर. बहिणीचं बोलणं तुला लागलंय ते दिसतंय. प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात टबीथाची गोष्ट आहे, यापो गावातली, गरीब बायकांना कपडे शिवून द्यायची. ती वारली, येशूचा शिष्य पेत्र याला निरोप गेला, तो माडीवर पोचला तर सगळ्या विधवा रडत उभ्या होत्या आणि टबीथा असताना तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं त्याला दाखवत होत्या. कल्पना कर, कोणी बाही पुढे करतंय, कोणी शिवण दाखवतंय, हे बघा, हे तिने केलेलं. पेत्राने नंतर प्रार्थनेसाठी सगळ्यांना बाहेर पाठवलं, पण कपड्यात काय जीव अडकवता असं तो एका शब्दाने म्हणाला नाही. आणि प्रेषित पौल बघ, आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, मरण समोर दिसतंय, माझी धाव संपली म्हणतोय, आणि त्याच अध्यायात लिहितो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, आणि पुस्तकंही आण, हिवाळ्याआधी यायचं बघ. एवढ्या विश्वासाच्या माणसाला झगा लागतो. मग तुला आईचा स्वेटर ठेवायला कोणाची परवानगी पाहिजे?

मी तर म्हणते स्वेटर आणि ती पार्सलं या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. स्वेटर तुला आईकडे नेतो, पार्सलं तुला आईपासून लांब नेतात, निदान पंधरा मिनिटं तरी. एखादी वस्तू ठेवावी की नाही असा प्रश्न पडला तर हेच बघ, ती हातात घेतल्यावर तू कुठे जातेस.

बायबलच्या बाबतीत मात्र बहिणीचं थोडं बरोबर आहे. तू लिहितेस की त्यात आईने पेन्सिलीने रेघा मारल्यात, काही ठिकाणी समासात तारखा आहेत, आणि ते तू रेशमी कापडात बांधून कपाटात ठेवलंयस आणि ती गेल्यापासून उघडलेलं नाही. का गं? उघड ते. रात्री जेव्हा फोनकडे हात जाईल तेव्हा आईची एकच रेघ शोध आणि तेवढंच वाच, अध्याय संपवायची सक्ती नाही. 121व्या स्तोत्राजवळ तारीख आहे म्हणतेस आणि ती कसली ते माहीत नाही, तर शोध, कोणाला तरी माहीत असेल. मला साहाय्य कुठून येईल हा प्रश्न तुझ्या आईला त्या दिवशी पडला होता, का पडला होता ते कळलं तर तुझ्या एखाद्या रात्रीला पुरेल.

आता देण्याबद्दल, आणि त्या व्हिडिओबद्दल. कोणाच्या बोलण्यात इतकं द्या म्हणजे इतक्या पटीने मिळेल असा हिशोब आला की मी सावध होते, तूही हो. तो बाजार आहे, त्यावर वचन छापलंय एवढंच. आणि ज्या बाईचं कार्डाचं बिल थकलंय आणि आई गेलीये तिला तर हे सांगणं मला क्रूरपणाच वाटतो.

मग येशूने एका श्रीमंत माणसाला सगळं विकून गरिबांना दे असं का सांगितलं, असं तू विचारशील. सांगितलं खरंच, मार्काच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात आहे, आणि मार्क एक बारीक गोष्ट नोंदवतो की सांगण्याआधी येशूने त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती केली. माणूस दुःखी होऊन निघून गेला तो पुष्कळ मालमत्ता होती म्हणून. पण जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराच्या घरी येशू स्वतः होऊन गेला आणि त्याला काहीच मागितलं नाही. जक्कय आपणहून उठून म्हणाला की अर्धं गरिबांना देतो आणि कोणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. अर्धं म्हणाला, सगळं नाही, आणि येशूने उरलेल्या अर्ध्याचं काय असं विचारलं नाही. एकाला सगळं सोडायला सांगितलं कारण ते सगळं त्याला धरून बसलं होतं, दुसऱ्याच्या घरी पाहुणा आला तेव्हा त्याची मूठ आपोआप सुटली. तुझं प्रकरण मला दुसऱ्यासारखं वाटतं. आधी पाहुण्याला घरात येऊ दे, काय द्यायचं ते मग तुलाच सुचेल.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात पृथ्वीवर धन साठवू नका, तिथे कसर आणि जंग खातात असं आहे, ते तुला पाठ आहे आणि त्याचीच तुला भीती बसलीये. पण तोच अध्याय पुढे वाच, खाण्यापिण्याची पांघरण्याची चिंता करू नका, कारण या सगळ्यांची तुम्हाला गरज आहे हे तुमच्या स्वर्गातल्या पित्याला ठाऊक आहे. गरज नाही असं नाही म्हणाला तो. ठाऊक आहे म्हणाला.

देण्याचं एक उदाहरण मला आवडतं ते जॉन वेस्लीचं, अठराव्या शतकातला इंग्लंडमधला मेथडिस्ट प्रचारक. 1760 मध्ये छापलेल्या एका प्रवचनात तो सांगतो की जमेल तेवढं कमवा, जमेल तेवढं वाचवा, आणि जमेल तेवढं द्या. पुढे एका प्रवचनात तो त्यांच्या तरुणपणच्या गटातल्या एकाची हकीकत सांगतो, बरेच जण म्हणतात तो स्वतःच असावा. वर्षाला 30 पौंड मिळायचे, 28 मध्ये भागवलं, 2 दिले. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी 28 मध्येच भागवलं आणि 32 दिले. मग 90, मग 120, खर्च तोच 28. यात नाट्य काहीच नाही, कोणी रडत पुढे येऊन पाकीट रिकामं केलं नाही, फक्त पुरे कुठे म्हणायचं ते त्याने आधी ठरवून ठेवलं. तुझ्यासाठी आत्ता पुरे म्हणजे नवीन काही न घेणं आणि आधीचं कर्ज फेडणं. ते फिटेपर्यंत देण्याची घाई नको, थकलेले पैसे चुकते करणं हेही प्रामाणिकपणातच येतं.

म्हणून ही दोनचार कामं. कार्डाचं बिल नवऱ्याला दाखव, याच आठवड्यात, आकडा पूर्ण सांग, हप्त्याहप्त्याने सांगू नकोस कारण दुसऱ्यांदा कळल्यावर माणूस जास्त दुखावतो. ज्या पार्सलांची परत करायची मुदत गेली नाहीये ती परत कर, हे प्रार्थनेच्या आधी केलंस तरी चालेल. अॅपमधून कार्डाचा नंबर काढून टाक, दरवेळी उठून पाकीट शोधावं लागलं की निम्म्या ऑर्डरी तिथेच राहतात. आणि झोपेकडे बघ. एलीया संदेष्टा वैतागून झुडपाखाली पडला आणि म्हणाला की पुरे झालं, माझा जीव घे, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिलं. देवाशी बोलणं झालं ते पुढे होरेब डोंगरावर. तू वर्षभर नीट झोपलेली नाहीस. डॉक्टरकडे जा, समुपदेशकाकडे जा, त्याने विश्वास कमी पडला असं होत नाही, आणि असं कोणी म्हणालंच तर एलीयाची गोष्ट सांग.

संतुष्ट राहणं पौलालाही आयतं मिळालं नव्हतं. फिलिप्पैकरांना तो तुरुंगातून लिहितो की आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलोय, भरल्या पोटी आणि भुकेल्या पोटी, दोन्हीत. शिकलोय म्हणजे कधीतरी येत नव्हतं. आणि हे लिहितो कोणत्या पत्रात, तर त्या लोकांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल आभार मानायच्या पत्रात. मिळाल्याचा आनंद त्याने लपवलेला नाही.

अजून एक, पौलाचंच. करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो म्हणतो की आम्ही मासेदोनियात आलो तेव्हा जिवाला जरा चैन नव्हतं, बाहेर भांडणं, आत भीती, पण दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवाने आमचं सांत्वन केलं ते आमचा सोबती तीत याच्या येण्याने. काही दर्शन नाही, आवाज नाही, ओळखीचा एक माणूस दारात आला. तू देवाच्या सांत्वनाची वाट बघतेयस ती एकटीने, रात्री, दार लावून. तुझ्या पत्रात नवऱ्याला माहीत नाही, पास्टरना माहीत नाही, प्रार्थनेच्या गटातल्या बायकांना माहीत नाही, मग देवाने पाठवायचं कोणाला? गटात मोठ्याने सांगायची लाज वाटत असेल तर नको सांगूस, एका कोणाला तरी सांग, जिची आई गेलीये आणि जी फार बोलत नाही अशी कोणीतरी असतेच.

आणि बहिणीला फोन कर. स्वेटरवरून भांडायला नको. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात ती फक्त तुला बोलणारी म्हणून येते, पण आई तिचीही गेलीये, आणि देऊन टाक देऊन टाक म्हणत ती कशापासून पळतेय ते तिला कोणी विचारलंय का? 121व्या स्तोत्राजवळची तारीख तिला माहीत असण्याची शक्यता तर सगळ्यात जास्त. तिथूनच बोलायला सुरुवात कर, आणि मग विचार तिला, तुला रात्री झोप लागते का गं म्हणून.

तुझी,
ताई